विज्ञानाचा व्हिडिओ वर्गात कसा वापरावा: नव्या शिक्षकांसाठी

विज्ञानाच्या तासाला व्हिडिओ लावणं आता सोपं झालंय. लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि बरा स्पीकर एवढं असलं की भागतं. दहा मिनिटं वर्ग चिडीचूप असतो, मागच्या बाकावरचेही माना वर करून बघतात, संपल्यावर ‘अजून एक लावा ना’ अशी मागणी येते. मग दुसऱ्या दिवशी त्याच विषयावरचा प्रश्न विचारला, की व्हिडिओ न बघताही जे उत्तर आलं असतं तेच येतं.

यात मुलांचा दोष नाही, बहुतेक वेळा व्हिडिओचाही नाही. नुसतं बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि तसं वाटलं की डोकं विचार करायचं थांबतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच नियमाभोवती फिरतात: प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहिल्याशिवाय प्ले दाबायचा नाही. बाकी काही जमलं नाही तरी एवढं जमवा.

पायरी १: व्हिडिओ हवाच आहे का?

माणसाच्या डोळ्याला जे दिसत नाही ते दाखवायला कॅमेरा उत्तम. बी रुजणं, बुरशी पसरणं फार हळू घडतं. पाण्याचा थेंब आदळणं, फुगा फुटणं फार वेगात घडतं. अमिबाची हालचाल किंवा पेशीचं विभाजन फार लहान, गुरूचे चंद्र फार लांब. आणि काही गोष्टी धोक्याच्या असतात. तुमचा घटक यांपैकी कशात बसत असेल तर व्हिडिओ शोधायला लागा.

बसत नसेल तर साहित्य काढा. लोहचुंबक, लिटमस, भिंग, लंबक, साधं विद्युत परिपथ या गोष्टी हातात घेऊन करायच्या. दोरा आणि दगड समोर असताना लंबकाचा व्हिडिओ लावणं मला तरी पटत नाही. फार तर आधी हाताने करा, मोजा, आणि मग नजरेतून सुटलेलं बघायला स्लो मोशन लावा. क्रम उलटा केलात तर मुलं प्रयोग करतात तो व्हिडिओत दिसलं तेच पुन्हा ‘आणायला’, आणि आलं नाही तर आकडे जुळवतात.

धोक्याच्या प्रयोगांबाबत मात्र संकोच नको. मिथेनॉल ओतून रंगीत ज्वाला दाखवण्याच्या प्रात्यक्षिकात अनेक ठिकाणी मुलं गंभीर भाजली आहेत. अमेरिकन केमिकल सोसायटीने हा प्रयोग वर्गातल्या उघड्या टेबलावर करणं थांबवा असं स्पष्ट सांगितलं आहे. असे प्रयोग पडद्यावरच बरे. दाखवताना ‘हे आपण वर्गात का करत नाही’ हेही सांगा. मिथेनॉलची वाफ हवेत पसरते, ज्वाला उलटी बाटलीकडे धावते, हे कारण समजलेलं मूल घरी नक्कल करण्याआधी निदान थबकतं. पडद्यावर येणाऱ्या ‘घरी करू नका’ या पाटीकडे कोणी बघत नाही.

पायरी २: आधी प्रश्न, मग शोध

नवखा शिक्षक साधारणपणे ‘प्रकाशसंश्लेषण व्हिडिओ’ असं शोधतो आणि पहिल्या दहांतला सगळ्यात चकचकीत निवडतो. त्याऐवजी कागदावर एक प्रश्न लिहा. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर वर्गातली निम्मी मुलं ठामपणे चुकीचं देतील. ‘झाडाच्या खोडातलं लाकूड मुख्यतः कुठून येतं?’ बहुतेक जण माती म्हणतील, काही पाणी म्हणतील. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं नाव क्वचित कोणी घेईल. हा प्रश्न हातात असला की कुठला व्हिडिओ कामाचा आणि कुठला नुसती हिरवी पानं दाखवणारा, हे दोन मिनिटांत कळतं.

गैरसमजापासून सुरुवात करण्यामागे कारण आहे. सिडनी विद्यापीठात डेरेक मुलर यांनी भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर पीएचडी केली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात त्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना न्यूटनच्या नियमांवरचे वेगवेगळ्या धाटणीचे व्हिडिओ दाखवले. काहींत नीटनेटकं, सरळ स्पष्टीकरण होतं. काहींत विद्यार्थ्यांचे नेहमीचे गैरसमज आधी बोलून दाखवले होते आणि मग खोडले होते. सरळ स्पष्टीकरण बघणाऱ्यांनी ‘छान, स्पष्ट’ असा शेरा दिला, त्यांचा आत्मविश्वासही वाढला, पण चाचणीतले गुण फारसे हलले नाहीत. दुसऱ्या प्रकारचा व्हिडिओ मुलांना गोंधळात टाकणारा वाटला, आणि शिकली मात्र तीच जास्त. हेच मुलर पुढे यूट्यूबवर ‘व्हेरिटासियम’ हे चॅनल चालवू लागले. तिथे रस्त्यावरच्या माणसाला आधी प्रश्न विचारून त्याचं चुकीचं उत्तर ऐकवण्याची पद्धत दिसते, तिचं मूळ या कामात आहे.

म्हणजे वर्ग थोडा अस्वस्थ झाला, दोघांतिघांनी ‘असं कसं होईल?’ म्हटलं, तर घाबरू नका.

पायरी ३: निवड

व्हिडिओ पूर्ण बघा. वेग वाढवून नाही, शेवटची पाटी येईपर्यंत. वाटेत जाहिरात आहे का, निवेदक शेवटच्या मिनिटात भलतंच काही विकतो का, हे तेव्हाच कळतं. आवडला तर पेन घेऊन दुसऱ्यांदा बघा.

लांबीबद्दल सगळेच विचारतात. २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास मांडला. व्हिडिओ कितीही लांब असो, बघणाऱ्यांचा टिकून राहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या वर गेला नाही. ही एकट्याने ऑनलाइन शिकणारी माणसं होती, वर्गातली मुलं नव्हेत. तरी आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. माझा कल याहून आखूड तुकड्यांकडे आहे: नव्वद सेकंद ते तीन मिनिटं. वीस मिनिटांच्या सुंदर माहितीपटातली दोनच मिनिटं तुमच्या प्रश्नाची असतील, तर तेवढीच दाखवा. उरलेल्याचा मोह पडतो खरा.

रिचर्ड मेयर यांनी चित्र-आवाज-मजकूर एकत्र आले की माणूस कसा शिकतो यावर कित्येक वर्षं प्रयोग केले. त्यांतून निघालेल्या गोष्टी निवडताना उपयोगी पडतात. विषयाशी संबंध नसलेलं मनोरंजक काहीही, विनोद, पार्श्वसंगीत, रंजक किस्से, शिकणं कमी करतं. जे बोललं जातंय त्याचं चित्र त्याच क्षणी आणि त्याच जागी असावं; नाव एका कोपऱ्यात आणि भाग दुसऱ्या कोपऱ्यात असेल तर मुलांची नजर धावपळ करत राहते. आणि सलग प्रवाहापेक्षा तुकड्यातुकड्याने, थांबत बघितलेलं जास्त कळतं. यातलं शेवटचं पूर्णपणे तुमच्या हातात आहे, व्हिडिओ कसाही असो.

मग अचूकपणा. लाखो लोकांनी बघितलेला व्हिडिओ बरोबर असतोच असं नाही. तीन जुने अपराधी सांगतो.

पाण्यात उभी पेटती मेणबत्ती, वरून उपडा पेला. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली’ असं असंख्य व्हिडिओ सांगतात. नीट बघा: पेला ठेवताना त्याच्या कडेने बुडबुडे बाहेर पडतात, आणि पाणी झपकन चढतं ते ज्योत विझण्याच्या सुमारास. ऑक्सिजन संपल्यामुळे चढत असतं तर जळण्याच्या पूर्ण काळात हळूहळू चढलं असतं. मुख्य कारण हवा तापून पसरण्याचं आणि मग थंड होऊन आकसण्याचं आहे. एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर पाणी जास्त चढतं, पेल्यातला ऑक्सिजन मात्र तेवढाच असतो.

विमानाचा पंख: ‘वरची हवा लांबचं अंतर कापते, तिला खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पोचायचं असतं म्हणून ती वेगाने जाते.’ एकाच वेळी पोचायचं असा कुठलाही नियम नाही. प्रत्यक्षात वरची हवा आधी पोचते.

तिसरा अपराधी ऋतूंचा. पृथ्वीची कक्षा लांबट अंड्यासारखी काढलेली असते आणि मुलं ‘जवळ असताना उन्हाळा’ असा अर्थ घेऊन मोकळी होतात. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. सर्वांत दूर जाते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. कागदावर काढली तर ही कक्षा डोळ्याला वर्तुळच वाटेल. ऋतू होतात ते आस कललेला असल्यामुळे.

चूक असलेला व्हिडिओ टाकूनच द्यायला हवा असंही नाही. वरच्या वर्गांना मेणबत्तीचा चुकीचा व्हिडिओ दाखवून ‘हे स्पष्टीकरण कुठे अडतं?’ विचारलं तर तास रंगतो. फक्त ते ठरवून करा. चूक पडद्यावर निघून गेली आणि तुमच्या लक्षातच आली नाही, असं व्हायला नको.

चांगल्या स्रोतांचंही स्पष्टीकरण जुनं होतं. सोडियम-पोटॅशियम पाण्यात टाकल्यावर स्फोट होतो तो हायड्रोजन पेटल्याने, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१५ मध्ये संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने सोडियम-पोटॅशियमच्या मिश्रधातूचा थेंब पाण्यात पडताना टिपला. एका मिलिसेकंदाच्या आतच धातूतून काट्यांसारखे फवारे बाहेर झेपावताना दिसले. इलेक्ट्रॉन पाण्यात निघून जातात, मागे उरलेले धनभारित आयन एकमेकांना ढकलतात आणि थेंब फाटतो. म्हणून अपलोडची तारीख बघायची सवय ठेवा.

पायरी ४: थांब्यांचा कागद

ही पायरी सगळे गाळतात. एका कागदावर चार रकाने आखा: कुठून सुरू, कुठे थांबायचं, थांबल्यावर काय विचारायचं, मुलं बहुधा काय म्हणतील. मिनिट आणि सेकंद लिहा; ‘बी फुटल्यावर थांबवणे’ असं लिहिलंत तर वर्गात बी फुटून पुढे गेलेलं असतं.

उत्तर दिसण्याच्या दोन-तीन सेकंद आधीचा थांबा सगळ्यात महत्त्वाचा. तो हुकला तर अंदाज वगैरे सगळं फुकट. तीन मिनिटांच्या तुकड्याला दोन, फार तर तीन थांबे पुरेत. दर दहा सेकंदांनी थांबवणाऱ्या शिक्षकावर मुलं चिडतात, आणि बरोबरच आहे.

पायरी ५: यंत्रांची तयारी

झटपट सांगतो. व्हिडिओ इंटरनेटशिवाय चालेल अशी सोय आधी करा, पण ती वैध मार्गाने: ज्या ठिकाणी डाउनलोडची परवानगी आहे किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (निर्मात्याने स्वतःच इतरांना वापरायला दिलेली मोकळीक) आहे तिथूनच. नासाचं बहुतेक साहित्य शैक्षणिक कामाला मोकळं असतं. थेट इंटरनेटवरूनच लावणार असाल तर पान आधी उघडून जाहिरात संपवून ठेवा आणि ‘ऑटोप्ले’ बंद करा, नाहीतर तुमचा तुकडा संपताक्षणी भलतंच काही सुरू होईल.

केबल जोडली की आवाज पुष्कळदा प्रोजेक्टरकडे जातो आणि प्रोजेक्टरचा स्पीकर कुजबुजल्यासारखा असतो. लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये बाहेरचा स्पीकर निवडा. मग स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसा. तिथून अक्षरं वाचता आली पाहिजेत, खिडकीचा उजेड पडद्यावर येता कामा नये. पण पूर्ण अंधारही करू नका. वहीत लिहिता आलं पाहिजे.

यूट्यूबवर काही कळा पाठ करून ठेवा. ‘के’ने थांबतं आणि सुरू होतं, ‘जे’ने दहा सेकंद मागे, ‘एल’ने दहा सेकंद पुढे, ‘एम’ने आवाज बंद, ‘सी’ने सबटायटल्स. थांबवलेल्या स्थितीत स्वल्पविराम आणि पूर्णविराम या कळांनी एकेक फ्रेम मागे-पुढे सरकते. माउसने पट्टी ओढत बसण्यात वर्ग हातातून जातो.

लखलखणारे, भराभर उघडझाप करणारे प्रकाश असलेली दृश्यं आधी तपासा. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमगाट काही मुलांमध्ये अपस्माराचा झटका आणू शकतो.

पायरी ६: वर्गात, एका मिनिटाची क्लिप

आता प्रत्यक्ष तास. उदाहरणाला अपोलो १५ ची प्रसिद्ध क्लिप घेऊ. २ ऑगस्ट १९७१ रोजी चंद्रावर उभ्या असलेल्या डेव्हिड स्कॉट यांनी एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरून दोन्ही एकदम सोडलं. हातोडा १.३२ किलोचा, पीस ३० ग्रॅमचं; म्हणजे हातोडा चव्वेचाळीस पट जड. क्लिप जेमतेम मिनिटभराची आहे.

पहिली गोष्ट: आवाज बंद ठेवा. सोडण्याआधी स्कॉट स्वतःच, दोन्ही एकाच वेळी जमिनीवर पडतील अशी आशा आहे, असं बोलून टाकतात. इंग्रजी कळणारं एक मूल वर्गात असलं तरी उत्तर फुटलं.

पहिली फ्रेम थांबवून ठेवा. चित्र जुनं आणि धूसर आहे, पीस मागच्या बाकावरून दिसणार नाही. पडद्याजवळ जाऊन बोटाने दाखवा: हा हातोडा, हे पीस, ही जमीन. काय बघायचं ते आधी ठाऊक नसेल तर मुलं अंतराळवीराचा पोशाख बघत बसतील, आणि तो आहेही बघण्यासारखा.

मग प्रश्न फळ्यावर: दोन्ही एकदम सोडली तर काय होईल? चार पर्याय द्या. हातोडा आधी पडेल. पीस आधी पडेल. दोन्ही एकदम पडतील. दोन्ही तिथेच तरंगत राहतील. चौथा पर्याय विसरू नका. ‘चंद्रावर गुरुत्वाकर्षण नसतं’ असं मानणारी मुलं प्रत्येक वर्गात निघतात आणि ती या पर्यायाने उघडी पडतात. प्रत्येकाने वहीत पर्याय आणि एका ओळीत कारण लिहायचं. न बोलता. मग हात वर, आणि प्रत्येक पर्यायापुढे आकडा.

हार्वर्डमध्ये कॅथरिन क्राउच, एरिक मझूर आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांवर २००४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. प्रात्यक्षिक नुसतं बघणाऱ्या विद्यार्थ्यांची समज, ते अजिबात न बघणाऱ्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. आधी निकालाचा अंदाज बांधणाऱ्यांची मात्र लक्षणीय सुधारली. ते वर्गातल्या प्रत्यक्ष प्रयोगांबद्दल होतं, पण पडद्यावरच्या प्रयोगाला वेगळा न्याय का लागावा?

मोजणी झाली की शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्या. मग प्ले. पुन्हा मागे, पुन्हा प्ले. बहुतेकांना पहिल्यांदा दिसतच नाही, आणि एखादा तरी छातीठोकपणे सांगतो की हातोडा आधी पडला. त्याला गप्प करू नका. फ्रेम-फ्रेम पुढे नेत त्यालाच पडद्यापाशी उभं करा.

आता काही मुलं म्हणतील, ‘चंद्रावर असं होतं, पृथ्वीवर नाही.’ याच वाक्यासाठी सगळा खटाटोप होता. पृथ्वीवर पीस मागे राहतं ते हलकं म्हणून, की हवा अडवते म्हणून? उत्तर पुन्हा व्हिडिओत शोधायचं नाही. एक वही घ्या, तिच्यापेक्षा लहान कागदाचा कपटा तिच्या वर ठेवा, कडा बाहेर येऊ न देता, आणि वही आडवी सोडा. कपटा वहीला चिकटल्यासारखा तिच्याबरोबर खाली येतो. पडदा बंद, हात चालू.

वरच्या वर्गांना आणखी एक काम: हातोडा सुमारे १.६ मीटरवरून सुटला. मुलांनी घड्याळाने वेळ मोजायचा. चंद्रावरचं गुरुत्वत्वरण १.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं तर साधारण १.४ सेकंद यायला हवेत. तेवढ्याच उंचीवरून पृथ्वीवर ०.५७ सेकंद. मोजलेले आकडे इकडे-तिकडे होतील. का होतात, यावरही बोलता येतं.

अशा एका मिनिटाच्या क्लिपवर तीस-पस्तीस मिनिटं सहज जातात. व्हिडिओने तास भरायचा नसतो, हे मी कितीही सांगितलं तरी एकदा करून बघितल्याशिवाय पटत नाही.

व्हिडिओची भाषा आणि वर्गाची भाषा वेगळी असेल तर

हा अडथळा वाटतो, पण मला यात सोयच दिसते. आवाज बंद करा आणि निवेदन तुम्ही करा. वेग तुमचा, शब्द मुलांच्या पाठ्यपुस्तकातले, थांबे हवे तिथे. नव्या संज्ञा आधी फळ्यावर लिहा: बीजपत्र, मूलांकुर, प्रांकुर. आपोआप तयार होणाऱ्या सबटायटल्सवर विसंबू नका. साधं बोलणं त्या बरं पकडतात, शास्त्रीय शब्दांचं काहीच्या काही करतात. वर्गात कमी ऐकू येणारं मूल असेल तर मात्र सबटायटल्स हव्यातच, आणि त्या आधी वाचून तपासायला हव्यात. त्या मुलाने एकाच वेळी पडदा, तुमचे ओठ आणि वही या तिन्हींकडे बघावं अशी अपेक्षा ठेवू नका. बोला, थांबा, मग दाखवा.

आणखी एक खेळ: मूक क्लिप दाखवून मुलांच्या गटांनाच निवेदन लिहायला लावा. कोणाला काय समजलेलं नाही, हे कुठल्याही चाचणीपेक्षा लवकर कळतं.

पायरी ७: ‘यात खरं नाही असं काय आहे?’

विज्ञानाचे व्हिडिओ, विशेषतः ॲनिमेशन, समजावण्यासाठी मुद्दाम बदल करतात. ते करावेच लागतात. पण मुलांना ते बदल खरे वाटतात. म्हणून प्रत्येक व्हिडिओनंतर आकार, वेळ आणि रंग यांची झडती घ्या.

आकार: सूर्यमालेच्या ॲनिमेशनमध्ये सगळे ग्रह एका पडद्यात मावतात. पृथ्वी एक सेंटिमीटरची गोटी धरली तर चंद्र तीस सेंटिमीटरवर, आणि सूर्य एक मीटरहून जरा मोठा गोळा, सुमारे ११७ मीटर लांब. मैदानावर जाऊन ही गोटी ठेवून बघा. पडद्याने किती फसवलं ते पावलांना कळतं.

वेळ: बी रुजण्याच्या टाइम-लॅप्समध्ये आठवड्याभराचं काम अर्ध्या मिनिटात होतं. ‘याला खरं किती दिवस लागले असतील, आणि कशावरून?’ असं विचारा. मुलं सावल्यांची ये-जा, पानांची हालचाल यांत खुणा शोधू लागतात. त्याच क्लिपवर आधी अंदाज घ्यायला विसरू नका: बीतून आधी काय बाहेर येईल, मूळ की पान? बी उलटं ठेवलं तर मूळ वर जाईल का?

रंग: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं मुळात करडी असतात, रंग नंतर भरतात. तेजोमेघांच्या छायाचित्रांतही पुष्कळदा वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या प्रकाशाला ठरवून रंग दिलेले असतात. शिरांमधलं रक्त निळं दाखवतात, ते असतं गडद लाल.

पेशीच्या आतल्या ॲनिमेशनमध्ये एक वेगळीच लबाडी असते. रेणू जणू पत्ता माहीत असल्यासारखे सरळ आपल्या जागी जाऊन बसतात, आजूबाजूला मोकळी पोकळी. खऱ्या पेशीत पाण्याच्या आणि इतर रेणूंची तुफान गर्दी असते. हरेक रेणू वेडावाकडा धडकत फिरतो आणि योग्य जागी पोचतो तो योगायोगाने, पण असे योगायोग सेकंदात असंख्य होतात. तेवढं सगळं दाखवलं तर चित्रात काहीच कळणार नाही, म्हणून गाळतात. हे सांगितलं नाही तर रेणूंना इच्छा असते असं मुलांच्या मनात बसतं आणि ते अकरावी-बारावीपर्यंत जात नाही.

पायरी ८: संपल्यावर

‘आवडला का?’ विचारू नका, उत्तर ठाऊक आहे. ‘काय शिकलात?’ हेही फार मोघम. मुलांना आपल्या आधीच्या अंदाजाकडे परत न्या: तोच ठेवायचा की बदलायचा, आणि कशामुळे? जुनं उत्तर खोडू देऊ नका, खाली नवीन लिहायला सांगा. मग व्हिडिओत नसलेला एक प्रसंग द्या. हातोडा आणि पिसानंतर विचारा, ‘हवा काढून घेतलेल्या लांब नळीत, पृथ्वीवरच, पीस आणि नाणं सोडलं तर?’ ज्याला नुसती क्लिप आठवते तो इथे अडखळतो.

आठवड्याने पाच मिनिटं काढून तेच चित्र आठवणीने काढायला सांगा. पडदा बंदच.

घरी बघायला व्हिडिओ देण्याची पद्धत जॉनथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास गैरहजर मुलांसाठी सुरू केली, आणि तिचाच पुढे ‘फ्लिप्ड क्लासरूम’ झाला. चांगली आहे, दोन अटींवर. व्हिडिओबरोबर लिहून आणायचा प्रश्न हवा. आणि ज्याच्याकडे फोन किंवा इंटरनेट नाही त्याला शाळेतच बघायची सोय हवी, तीही चारचौघांत त्याचं नाव न घेता.

पायरी ९: मुलांनीच चित्रण करावं

दोन-चार तास असे घेऊन झाले की फोन मुलांच्या हाती द्या. पुष्कळ फोनमध्ये सेकंदाला १२० किंवा २४० फ्रेमचं स्लो मोशन असतं. उसळणारा चेंडू, उतारावरून घरंगळणारी गोटी, पाण्यात पडणारा खडा, काहीही चालेल. ‘ट्रॅकर’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात दर फ्रेमला वस्तूवर खूण करत गेलं की अंतर-वेळ आलेख समोर उभा राहतो. संगणक नसेल तर पडद्यावर पारदर्शक कागद धरून पेनने ठिपके मारले तरी काम होतं.

नियम थोडे आहेत. फोन हातात धरायचा नाही, पुस्तकांच्या थप्पीला टेकवायचा. कॅमेरा हालचालीच्या दिशेला काटकोनात, आणि शक्य तितका लांब, म्हणजे कडेचं चित्र वाकडं येत नाही. मोजपट्टी चौकटीत हवी, आणि ती वस्तूच्या मार्गाशेजारीच, मागच्या भिंतीला चिकटवलेली नको. भिंतीवरची पट्टी लांब असल्याने लहान दिसते आणि सगळी अंतरं फुगून येतात. उजेड भरपूर, नाहीतर वेगाने जाणारा चेंडू लांबट धूसर डाग दिसतो आणि त्याचा मध्य कुठे धरायचा यावर गटात भांडणं होतात. फाइलला वस्तू, उंची आणि फ्रेमचा वेग लिहून नाव द्यायला लावा. आठवड्याने ‘व्हिडिओ ७’मध्ये काय होतं हे कोणालाही सांगता येत नाही.